पाणी बघायला पुलावर

मंगळवार

मामाचा फोन दुपारी आला. "गंगेला पाणी येतंय. यायचं तर आज निघ, परवापर्यंत उतरून जाईल." एवढं बोलून ठेवूनही दिला. माझी तब्येत, पोरांच्या परीक्षा, सुट्टी मिळेल का, काही विचारणं नाही. नाशिकच्या जुन्या माणसांच्या तोंडून 'गोदावरी' हे नाव मी पत्ता सांगतानासुद्धा फारसं ऐकलेलं नाही. ती गंगा. मामी हातात पिशवी घेऊन "गंगेवर जाऊन येते" म्हणायची ती काशीला नव्हे, भाजीला.

नाशिक माझं आजोळ. लहानपणी मे महिना तिथे जायचा, पण मे महिन्यातल्या गंगेत बघण्यासारखं काही नसतं. मामा आम्हाला मुद्दाम श्रावणात एकदा बोलावून घ्यायचा आणि पाच भावंडांची रांग करून पुलावर न्यायचा. पाणी दाखवायला. कुठल्या पुलावर, हे विचारायची गरज नसे. गंगेवर आता बरेच पूल आहेत, पण आमच्या घरात नुसतं 'पूल' म्हटलं की होळकर पूल. आजी मात्र शेवटपर्यंत त्याला 'विक्टोरिया' म्हणत राहिली. राणीबद्दल तिला प्रेम होतं अशातला भाग नाही, शाळेत असताना तिने तेच नाव ऐकलं होतं, संपलं. पाटीवर अहिल्यादेवी आल्या आणि पुढच्या पिढीच्या तोंडी होळकर पूल बसला. नाव बदललं तर असं बदलावं.

कल्याणला संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली. पासवाल्या बायकांचा भिशीचा हिशेब कसाऱ्यापर्यंत चालला आणि घाटात गाडी शिरली तेव्हा खिडक्यांवर पाऊस असा आपटायला लागला की हिशेब आपोआप थांबला. इगतपुरीला उतरलेल्या एका बाईंची जागा मला मिळाली. तोवर माझे पाय गेलेच होते.

नाशिकरोड स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब. रात्री दहानंतर रिक्षावाल्याने जो आकडा सांगितला त्यावर मी हसले, तो हसला नाही. तोच द्यावा लागला. १८८९ साली या रस्त्यावर घोड्यांची ट्राम सुरू झाली होती, दोन डबे आणि ओढायला चार घोडे, स्टेशनापासून थेट मेनरोडपर्यंत. त्या ट्रामचं भाडं किती होतं कोण जाणे, पण घोड्यांनी पावसाचे जादा पैसे मागितले नसावेत.

मामाचं घर रविवार कारंजाच्या मागच्या एका वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, दोर धरून चढायचा. गेल्या हिवाळ्यात मामाच्या गुडघ्याची वाटी बदलली, आणि तेव्हापासून तो जिना त्याच्या आणि गंगेच्या मधे उभा आहे. पूल घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर. एकाहत्तर पायऱ्या मोजून उतरला असता तर पोचला असता, असं मी म्हटलं तर मामी डोळे वटारून बघायला लागली. "एकवीस आहेत," मामा आतून म्हणाला.

झोपायच्या आधी त्याने वही दाखवली. मामा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाला. प्रेस म्हणजे जिथे देशाचे स्टॅम्प आणि नोटा छापतात ते. त्यामुळे आकडा, तारीख आणि रकाना या तीन गोष्टींवर त्याची श्रद्धा आहे. वहीत चार रकाने: तारीख, मारुती, सराफ, देऊळ. मारुती म्हणजे नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. शेंदरी, थोराड, दोन्हीकडे तोंड असलेला. नाशिकमध्ये पुराची मोजपट्टी तोच. पाणी त्याच्या पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं, असंच बोलतात. सराफ म्हणजे पाणी सराफ बाजारात शिरलं की नाही. आणि देऊळ म्हणजे नारोशंकराचं. ते १७४७ साली नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलं, त्याच्या दर्शनी बाजूला ती प्रसिद्ध घंटा. घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर, अशी जुन्या लोकांची खूण.

मामाच्या वहीत २००८ ला 'मारुती: डोकं', २०१९ ला 'मारुती: दिसत नाही'. मधल्या २ ऑगस्ट २०१६ च्या ओळीत 'मारुती दिसत नाही. सराफ पाणी. देऊळ अर्धं.' त्या ओळीखाली वेगळ्या शाईने, बारीक अक्षरात दोन शब्द: 'रात्री महाड.'

त्याच रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला होता. १९२८ सालचा, इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल. दोन एसटी बस त्याच्याबरोबर गेल्या. मामा त्या संध्याकाळी होळकर पुलाच्या टोकाला पोलिसांच्या दोरीपाशी उभा राहून पाणी बघत होता, आणि सकाळी महाडची बातमी आली. आपला पूल त्याहूनही जुना, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दहा वर्षांतला. "त्यानंतर आठ दिवस मी पुलावर गेलो नाही," मामा म्हणाला. मग थोडं थांबून, "आठ नाही. पाच."

बुधवार

सकाळी साडेसहाला बाहेर पडले. मामीने छत्री दिली, मामाने सूचना: आधी पूल, मग मारुती, मग बाजार, उलट करू नकोस. का उलट करायचं नाही ते सांगितलं नाही.

रविवार कारंजावरून पुलाकडे जाणारा रस्ता उताराचा आहे. चांदीच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडायचे, पुढे निघायचं आणि उतार संपता संपता सुंदरनारायणाचं देऊळ लागतं. १७५६ साली गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेलं. २१ मार्चला उगवत्या सूर्याची किरणं थेट मूर्तीपर्यंत पोचतात अशी त्याची रचना आहे. आत्ता सूर्य नावालाही नव्हता. देवळाच्या दगडावर शेवाळ धरलं होतं आणि एक कुत्रं पायरीवर अंग चोरून बसलं होतं.

मग पूल. चालत आलात तर पूल सुरू झाला हे आधी कानाला कळतं. रस्त्यावरचा आवाज पसरट असतो, पुलावर आला की तो खालून येणाऱ्या पाण्याच्या घरघरीत बुडतो. पलीकडे पंचवटी आणि मालेगाव स्टँड. त्या स्टँडच्या नावातच जुना इतिहास आहे. मुंबई-आग्रा रस्ता पूर्वी गावातूनच जायचा, त्याच्या मधल्या तुकड्याला अजून जुना आग्रा रोड म्हणतात. म्हणजे मुंबईकडून मालेगाव-धुळ्याकडे जाणाऱ्या साऱ्या गाड्या या दगडी पुलाच्या पाठीवरून गेल्या असणार. पुढे खालच्या अंगाला कन्नमवार पूल झाला, महामार्ग तिकडून गेला. तेव्हा खरं तर या म्हाताऱ्याला जरा पाठ टेकू द्यायला हवी होती. पण गाव पसरत गेलं आणि गावातल्याच गाड्या इतक्या झाल्या की महामार्ग गेल्याचं पुलाला कळलंसुद्धा नसेल.

कठड्यावर आता उंच जाळी आहे. निर्माल्य टाकू नये म्हणून. हेतू चांगलाच, वाद नाही. पण त्या जाळीला काय काय अडकलं होतं ते सांगते: झेंडूचा वाळलेला हार, काळ्या पिशवीचा गाठ मारलेला तुकडा, दोरा बांधलेला एक नारळ (तो जाळीच्या चौकोनातून जात नव्हता, म्हणून बांधून ठेवलेला), आणि एक लहान मुलाचा मोजा. मोज्याचं कारण मला सुचेना. ज्यांना टाकायचं ते टाकतातच, जाळीमुळे फक्त वरून भिरकवावं लागतं. अडचण झाली ती बघणाऱ्यांची. जाळीमागून गंगा म्हणजे चौकड्याच्या वहीत काढलेलं चित्र.

पण पुलाच्या मध्याच्या जरा अलीकडे एका जागी जाळीच्या तारा कुणीतरी तोडून बाजूला वळवल्यात. ताटाएवढं भोक. वळवलेल्या तारांची टोकं आत दुमडलेली, आणि तिथला गंज हात लागून लागून गेलेला, तारा चकचकीत. एक आजोबा तिथे तोंड घालून उभे होते. त्यांच्या मागे दूधवाला, मोटरसायकल चालू ठेवून. त्याच्या मागे मी. आजोबांचं झालं तेव्हा ते बाजूला सरकून मला म्हणाले, "बघा." जणू घर त्यांचंच, खिडकी त्यांचीच.

पाणी चहासारखं. फार नव्हतं, पण चाल बदललेली होती. एरवी ते इथे रेंगाळतं, पुलाखालच्या बंधाऱ्याला आता यांत्रिक दरवाजे आहेत, त्याच्याशी थबकतं. आज ते कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. मधे एक पाणकणसांचा अख्खा गड्डा मुळासकट तरंगत आला, खांबाजवळ एक गिरकी घेतली आणि पुलाखाली गेला. मी नकळत पलीकडच्या कठड्याकडे धावले, लहानपणी धावायचो तशी. मधे रस्ता आहे हे रिक्षाच्या हॉर्नने आठवून दिलं.

पुलाच्या पदपथावर दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. पावणेदोन चालतील. समोरून कुणी आलं की एकाने कठड्याला चिकटायचं, आणि मला वाटतं पाणी बघायची अर्धी सवय नाशिककरांना त्यामुळेच लागली असेल.

रामकुंडापर्यंत काठाने गेले. श्रावण असल्याने कपालेश्वराच्या पायऱ्यांवर गर्दी, हे महादेवाचं देऊळ असूनही समोर नंदी नाही. कुंडाच्या वरच्या पायऱ्या ओल्या, खालच्या पाण्यात. पिंडदानाला आलेली मंडळी तिसऱ्या पायरीवर बसलेली, गुरुजी मंत्र म्हणता म्हणता दर पाच मिनिटांनी मागे वळून पाण्याकडे बघत होते.

या घाटाने माणसं गोळा होताना पुष्कळ पाहिली आहेत. दर बारा वर्षांनी सिंहस्थाची गर्दी तर सगळ्यांनाच माहीत असते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र इथे आलं की २ मार्च १९३० येतो. काळाराम मंदिरात प्रवेशासाठी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक निघाली, मंदिराचे दरवाजे बंद होते, आणि मग ती मिरवणूक गोदाघाटावर आली आणि तिथेच सभा झाली. सत्याग्रह पुढे पाच वर्षं चालला. एका गावात देऊळ बंद होतं आणि नदीचा काठ उघडा. शाळेत हा धडा होता, पण तो याच पायऱ्यांवर घडला हे सांगायला शाळेने आम्हाला सहलीला कधी इथे आणलं नाही.

पूल नव्हता तेव्हा माणसं कशी ओलांडत असतील? सांडव्यावरून. नदीत आडवी दगडी भिंत घालायची, उन्हाळ्यात तिच्यावरून चालायचं, पावसाळ्यात पाणी तिच्यावरून सांडायचं. म्हणून सांडवा. सांडव्यावरची देवी अजून आहे. तिच्या नावातला सांडवा मात्र हल्लीच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. सांडवा चार महिने पाण्याखाली, म्हणजे चार महिने नाशिक आणि पंचवटी अशी दोन गावं. पुलाने ती एक केली, असं मामा म्हणतो. मामीचं माहेर पंचवटीतलं. ती म्हणते, अजून झालेली नाहीत.

मारुतीपाशी पोचले. पाय पाण्यात. गुडघे कोरडे. फोटो काढून मामाला पाठवला. उत्तर आलं: "फोटो नको. कुठपर्यंत ते लिही."

बुधवार हा गंगेवरच्या बाजाराचा वार. आणि नेमकं तेव्हाच पालिकेची गाडी भोंगा लावून काठाने फिरायला लागली. गंगापूर धरणातून पाणी सोडणार आहेत, पात्रात थांबू नका. बाजाराला हे नवं नाही. मी एका मेथीवाल्या बाईंकडे उभी होते, बघता बघता त्यांचं दुकान उठलं. आधी ताडपत्रीची चार टोकं उचलली, जुड्या मधे गोळा केल्या, टोकांची गाठ मारली, वर तराजू ठेवला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गाठोडं. माझ्या हातातली जुडी राहिलीच. "घेताय ना? दहा द्या, चला." डोक्यावर ओझं आणि एक हात माझ्या दहाच्या नाण्यासाठी पुढे. त्या दहा पावलं वर चढल्या, दुसऱ्या टप्प्यावर ताडपत्री पुन्हा पसरली. सगळा बाजार असाच एक एक पायरी वर सरकत होता. मारुतीच्या अंगावर पाणी चढतं तसा.

रामसेतूवरून पलीकडे गेले. हा त्या मानाने अलीकडचा, पायी जाणाऱ्यांसाठीचा पूल, पण त्यावर दुचाकीही घुसते आणि दोन्ही कडांना विक्रेतेही बसतात, त्यामुळे चालणारा माणूस शेवटी उरलेल्या जागेत चालतो. भांडीबाजारात तांब्या-पितळेच्या दुकानांतून माल वर चढवणं चालू होतं. एक मुलगा शिडीवर, दुसरा खालून घागरी देतोय, घागरीला घागर लागून होणारा तो आवाज गल्लीभर. खालच्या दोन फळ्या रिकाम्या झाल्या. तिसऱ्या फळीला हात लावला नाही. मी विचारलं तर दुकानदार म्हणाले, "तिसऱ्यावर येत नाही. एकोणसत्तरला आलं होतं."

संध्याकाळी मामाने वहीत लिहिलं: 'मारुती: पाय.' आणि माझ्याकडे बघून, "नक्की पायच ना? घोटा की पोटरी?"

गुरुवार

रात्रभर पाऊस. सकाळी जिन्यावरच्या दोराला पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. मी मिसळ खायला जाऊ म्हणाले, मामी म्हणाली श्रावण आहे. मी म्हटलं मिसळीला श्रावण कसला, तर तिने मुगाची भजी केली आणि विषय मिटवला.

दिवसभर आकडा. पावसाळ्यात नाशिकच्या घराघरात क्युसेक हा शब्द असा बोलला जातो जसा इतर गावांत तापमानाचा अंश. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर, दोन बादल्या धरा. गंगापूर धरणातून सुटणारे क्युसेक वेगळे आणि होळकर पुलाखालून जाणारे वेगळे. कारण मधल्या वाटेत ओढे, नाले आणि शहराचं सगळं पावसाचं पाणी येऊन मिळतं. म्हणून बातमीत दोन आकडे असतात, आणि नाशिककर दुसरा ऐकून ठरवतात. इंग्रजांनी रस्ता नदीपार न्यायला बांधलेला पूल आज सरकारदरबारी नदी मोजायची जागा आहे. मामाचा त्या आकड्यावर विश्वास आहे, पण पूर्ण नाही. "क्युसेक सांगतात ते ठीक आहे. मारुती कुठे आहे?"

चारला पाऊस थांबला आणि गाव पुलाकडे निघालं. ही गोष्ट पाहिल्याशिवाय पटत नाही. कुणी कुणाला बोलावलेलं नसतं. दुकानदार शटर अर्धं ओढून आलेला, शिकवणी सुटलेली पोरं, एक नवं जोडपं (तिच्या हातावरची मेंदी अजून लाल), पायजम्याला चिमटे लावलेला सायकलवाला, कडेवर नातू घेतलेली आजी. मालेगाव स्टँडच्या टोकाला कणीसवाल्याने शेगडी मांडली होती, कोळशाचा धूर ओल्या हवेत वर जायला तयार नव्हता. सगळे पाण्याकडे तोंड करून. एका बाजूला पाणी येताना बघणारे आणि दुसऱ्या बाजूला जाताना बघणारे. मामाच्या मते खरा नाशिककर येताना बघतो. जाताना काय, कुणीही बघेल.

भोकाला रांग लागली होती. खरोखरची रांग, शिस्तीत, रेशनच्या दुकानालाही लागत नाही अशी. प्रत्येकाला मिनिटभर. लहान मुलांना उचलून दाखवत होते. एका बाईंनी पिशवीतून खण-नारळ काढला, जाळीतून ओटी जाईना, म्हणून त्याही रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा मागच्या कॉलेजच्या मुलाने "मावशी, नारळ नका टाकू" असं हळूच म्हटलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, नारळ पिशवीत परत ठेवला, हळद-कुंकवाची चिमूट सोडली आणि बाजूला झाल्या. कुणी जिंकलं-हरलं नाही. मुलगाच जरा कानकोंडा झाला.

माझी पाळी. कालचं पाणी आज उरलेलंच नव्हतं. हे दुसरं काहीतरी होतं, रुंद, मातकट, पाठ फुगवलेलं. खांबावर येऊन फुटायचं, फेस दोन्ही अंगांनी वळायचा आणि पुलाखाली गेला की त्याचा आवाज पायांतून वर यायचा. दगडाला हात लावला तर कळेल असं वाटलं, म्हणून कठड्याला तळवा टेकवला. थरथर होती. पाण्याची की मागून गेलेल्या बसची, ते मात्र सांगता येणार नाही.

तेवढ्यात कोपराला जोराचा फटका बसला. मोटरसायकलचा आरसा. मी पदपथावरच होते, तो पदपथावरून चालला होता. थांबला नाही. आजूबाजूचे पाच-सहा जण एकदम ओरडले, एकाने शिव्याही घातल्या, पण गाडी मालेगाव स्टँडच्या गर्दीत गेली. कणीसवाल्याने बर्फ नाही म्हणून ओलं फडकं दिलं.

कोपर दाबून उभी होते तेव्हा अहमदाबाद आठवलं. तिथे साबरमतीवर एलिस ब्रिज आहे, १८९२ सालचा, लोखंडी कमानींचा, हिंमतलाल धीरजराम भचेच या देशी इंजिनिअरने बांधलेला. त्याआधीचा लाकडी पूल १८७५ च्या पुरात गेला होता, पण लोकांच्या तोंडी नव्या लोखंडी पुलालाही 'लक्कडियो' हेच नाव राहिलं. आमच्या आजीसारखीच माणसं तिथेही असणार. गाड्या वाढल्या तेव्हा त्यांनी जुना पूल पाडला नाही आणि रुंदही केला नाही. दोन्ही अंगांना दोन नवे पूल घातले आणि मधला वाहनांना बंद केला. हे मी नवऱ्याच्या ऑफिसच्या कामासाठी गेलो तेव्हा पाहिलं आणि तेव्हा फार काही वाटलं नव्हतं. आज कोपर ठणकत असताना वाटलं. होळकर पुलावर गाड्या बंद करा म्हटलं तर पंचवटीतले लोक मला गावात येऊ देणार नाहीत, आणि रोज त्यांना वळसा पडणार हेही खरंच. पण पावसाळ्यातल्या अशा दोन-चार संध्याकाळी, सगळं गाव इथे उभं असतं तेव्हा, चार तास दोन्ही टोकांना दोरी बांधायला काय हरकत आहे? पूर वाढला की पोलीस बांधतातच. तेव्हा मात्र माणसांनाही बाहेर काढतात.

तसंच झालं. सहाच्या सुमाराला शिट्ट्या वाजल्या, पोलीस लोकांना दोन्ही टोकांकडे ढकलायला लागले. दोन पोरं कपडे काढून कठड्याजवळ उभी होती, उडी मारायच्या बेतात. त्यांना हवालदाराने दंडाला धरून नेलं. एकाच्या हातात त्याचे बूट. तो जाता जाता हवालदारालाच समजावत होता, "काका, मी गेल्या वर्षी मारली होती." मामाही लहानपणी मारायचा. हे त्याने मामीला अजून सांगितलेलं नाही.

मी सुंदरनारायणाच्या बाजूला आले. तिथल्या पायऱ्यांवर पुन्हा तीच सगळी माणसं, कणीस खात. पूल रिकामा झाला होता आणि पहिल्यांदाच तो सबंध दिसला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही गाडी नाही, एकही माणूस नाही. नुसता दगड आणि खाली पाणी. मला वाटलं फोटो काढावा, मग मामाचं उत्तर आठवलं.

मारुतीजवळ जाता येत नव्हतं. लांबून, दोन इमारतींच्या फटीतून दिसला. छातीपर्यंत. सराफ बाजारात पाणी पहिल्या पायरीला टेकून थांबलं होतं, दुकानदार पायरीवर उभे राहून त्याच्याकडे असे बघत होते जसे उधारी मागायला आलेल्या माणसाकडे बघतात.

घरी आले तर मामा जिन्याच्या वरच्या टोकाला बसलेला. खुर्ची आणून. "छाती," मी खालूनच ओरडले. तो उठला नाही, पण वही त्याच्या मांडीवरच होती.

शुक्रवार

पहाटे पाचला निघाले, सातची पंचवटी धरायची होती. मामी उठून चहा देऊन परत झोपली. मामा उठलाच नाही, निदान मला तसं वाटलं.

रिक्षा कारंजावरच मिळत होती, पण मी आधी पुलापर्यंत जाऊन आले. दोऱ्या काढलेल्या. पाणी रात्रीतून बरंच उतरलं होतं, काठाच्या पायऱ्यांवर चिकणमाती, आणि तो वास, ओल्या मातीचा, शेवाळाचा, कुजलेल्या पानांचा एकत्र. पालिकेचे दोन कामगार फावड्याने गाळ ओढत होते. एका पायरीवर पितळी तांब्या उपडा पडला होता, तो त्यांनी धुऊन कठड्यावर ठेवला, कुणी मागायला आलं तर. भोकापाशी कुणी नव्हतं. जाळीवरचा हार गेला होता, नारळ होता तिथेच.

गाडीत खिडकी मिळाली. कोपर निळं पडलेलं. इगतपुरी सोडली, घाट सुरू झाला तेवढ्यात मामाचा फोन.

"पोचलीस?"

"अजून कसाराही नाही आला. तू एवढ्या सकाळी उठलास?"

"मारुतीचे गुडघे मोकळे झाले. पोटऱ्यांवर आहे पाणी. देवळाच्या पायऱ्या धुतायत. लिहून घेतलं."

मागून रिक्षाचा हॉर्न आला, मग आणखी एक, आणि त्या दोन्हींच्या मागे तो घरघरणारा आवाज. वाड्याच्या खिडकीतून मारुती दिसत नाही, आणि वाड्याच्या बोळात रिक्षा शिरत नाही.

"मामा, तू कुठून बोल—"

बोगदा आला.